कुलूप सायकलला, वेग मात्र मोकाट

एका वाचकाचं पत्र, नाव-गाव वगळून आणि थोडक्यात:

माझं वय ४४. वडील ६९ वर्षांचे, आयुष्यभर सायकलवर फिरलेले. वाचनालय, जुने मित्र, किरकोळ खरेदी, सगळं सायकलवर. चार महिन्यांपूर्वी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार अचानक उघडलं. त्यावर आदळून ते पडले, मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. हेल्मेट नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर ते पुन्हा सायकल काढायला लागले तेव्हा मी तिला कुलूप लावलं आणि चावी माझ्याकडे ठेवली. भांडण झालं नाही. त्यांनी बाहेर जाणंच बंद केलं. ‘चालत जा ना’ म्हटलं तर ‘बघू’ म्हणतात. बायकोचं म्हणणं, चावी देऊन टाका. दहा वर्षांच्या मुलीला मी रोज गाडीने शाळेत सोडतो, पण तिला आजोबांबरोबर सायकलने जायचंय. मी स्वतः गाडी चालवतो, लोक कशा गाड्या हाकतात ते रोज बघतो. रस्ते आता सायकलचे राहिलेले नाहीत. एक गोष्ट घरात कुणाला सांगितलेली नाही. ‘अगदी कडेने चालवत जा’ असं मीच त्यांना वर्षानुवर्षं बजावत आलो, आणि त्या दिवशी ते कडेनेच जात होते. सायकल विकून टाकावी का?

उत्तर:

घरी न सांगितलेली गोष्ट तुम्ही इथे लिहिलीत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. ‘कडेने चालवा’ हा सल्ला तुम्ही मायेपोटी दिलात, आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात दिला जातो. मागून येणारी गाडी आपल्याला दिसत नाही, म्हणून तिचीच भीती सगळ्यात जास्त वाटते. तिच्यापासून जितकं लांब तितकं बरं, असं मन सांगतं. पण वस्तीतल्या, दुतर्फा गाड्या उभ्या असलेल्या रस्त्यावर सायकलस्वाराला धोका बहुतेक वेळा समोरून आणि बाजूने येतो. उघडणारं दार, गल्लीतून बाहेर पडणारी गाडी, शेजारून पुढे जाऊन लगेच आडवी वळणारी गाडी. कडेला चिकटून जाणारा माणूस या तिन्ही चालकांना उशिरा दिसतो. शिवाय खडी, गटाराच्या जाळ्या, साचलेलं पाणी आणि डांबराचा तुटका काठ हे सगळं कडेलाच असतं.

गाडीचं दार पूर्ण उघडलं की साधारण एक मीटर बाहेर येतं. म्हणून उभ्या गाड्यांपासून किमान तेवढं, जमलं तर थोडं जास्तच अंतर राखून सरळ रेषेत चालवणं, यात बेदरकारपणा काही नाही. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत शिरून पुन्हा बाहेर येणं मात्र टाळायचं, कारण बाहेर येताना मागच्या चालकाच्या दृष्टीने आपण अचानक समोर उगवतो. ब्रिटनने २०२२ साली रस्त्याचे नियम सुधारले तेव्हा हे लिहूनच टाकलं. शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत, चौकाजवळ आणि रस्ता अरुंद होतो तिथे सायकलस्वाराने आपल्या लेनच्या मधोमध चालवावं. आणि ताशी ३० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरपर्यंत वेग असलेल्या गाडीने त्याला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावं, वेग जास्त असेल तर अंतरही जास्त. भरधाव हमरस्त्याची गोष्ट वेगळी. तिथे मागून बसणारी धडक खरोखर जीवघेणी असते. अशा रस्त्यावर सायकलसाठी स्वतंत्र मार्ग नसेल तर बाबांनी तो रस्ताच टाळावा, लांबचा पडला तरी आतला रस्ता धरावा, असं मी सांगेन.

तर सल्ला चुकीचा होता, हे खरं. पण त्या अपघाताचं ओझं तुम्ही एकट्याने वाहताय, आणि ते मला पटत नाही. तुमच्या पत्रात बाबांच्या हेल्मेटचा उल्लेख आहे, त्यांच्या वयाचा आहे, तुमच्या सल्ल्याचा आहे. मागे न बघता दार उघडणाऱ्या माणसाबद्दल मात्र एकही वाक्य नाही. त्याने दोन सेकंद मान वळवली असती तर मनगट शाबूत असतं. दोष कुणावर टाकायचा म्हणून मी हे काढत नाहीये. उपाय कुठे शोधायचा ते यावरून ठरतं, म्हणून काढतेय.

तो उपाय फार सोपा आहे आणि तुमच्या घरात आजपासून सुरू होऊ शकतो. गाडीतून उतरताना दाराजवळचा हात न वापरता दूरच्या हाताने दार उघडायचं. हात अंगावरून पलीकडे न्यावा लागतो, त्यामुळे खांदा वळतो, मान वळते आणि आरशात न सापडलेला सायकलस्वार नजरेला पडतो. ‘डच रीच’ या नावाने ही सवय ओळखली जाते आणि ब्रिटनच्या त्याच २०२२ च्या नियमांत तिचा समावेश झाला. मुलगी मागच्या सीटवर बसत असेल तर तिलाही शिकवा. मुलं शाळेच्या दाराशी घाईघाईने उतरतात तेव्हा शेजारून कुणीतरी सायकलवर जात असतंच.

आता ‘रस्ते सायकलचे राहिलेले नाहीत’ या तुमच्या वाक्याकडे येते. तुम्ही ते पावसाबद्दल बोलावं तसं लिहिलंय, जणू वाहनांचा वेग आभाळातून पडतो आणि आपल्या हातात फक्त छत्री धरणं आहे. मला वाटतं, तुमची सगळी कोंडी या एका गृहीतकातून आली आहे. वेग कुणीतरी पायाने दाबलेला असतो. तो कमी केला की काय होतं याचा हिशोब एकदा मांडून पाहा.

ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर. समोर माणूस आला हे कळल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे ३० च्या वेगात ८ मीटर तसेच जातात, मग ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटर. एकूण १३ मीटरांत गाडी उभी. ५० च्या वेगात पहिल्या सेकंदातच १४ मीटर निघून जातात. ३० ने येणारी गाडी जिथे पूर्ण थांबली असती, तिथून ५० ने येणारी गाडी अजून ब्रेकसुद्धा न लागता पुढे जात असते. मध्ये माणूस असेल तर पहिल्या गाडीचा चालक दचकून ‘अहो, बघून चला’ म्हणेल, आणि दुसऱ्या गाडीची धडक पूर्ण ५० च्या वेगाने बसेल. चालक तोच, त्याची सावधगिरी तीच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो, आणि गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला तर समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते.

जगात दर वर्षी रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात. त्यांतली निम्म्याहून जास्त पायी चालणारी, सायकलवरची किंवा मोटरसायकलवरची असतात. मोटरसायकलवाल्यांचा प्रश्न वेगळा. पण पायी चालणारा आणि सायकलवाला यांच्या स्वतःच्या वेगाने इतरांचा जीव क्वचितच जातो. आणि सावध राहायला आपण त्यांनाच सगळ्यात आधी सांगतो.

रस्ते बदलता येतात याला पुरावा आहे. आज सायकलींचा देश म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं गेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. तिथेही युद्धानंतरच्या वर्षांत मोटारी वाढल्या होत्या, सायकली कमी होत चालल्या होत्या, आणि ‘काळच तसा आहे’ असं म्हणणारे होते. मुलगी गमावलेल्या एका पत्रकार वडिलांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशी थेट मागणी करणारी चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, आणि पुढच्या दशकांत सायकलचे स्वतंत्र मार्ग आणि संथ वेगाच्या वस्त्या झाल्या. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली धोरणच ठरवलं की रस्त्यावर कुणाचाही मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व मान्य नाही. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाही असा रस्ता बांधणं ही बांधणाऱ्याची जबाबदारी. नॉर्वेच्या ऑस्लो शहरात २०१९ साली एकही पादचारी किंवा सायकलस्वार मेला नाही. फिनलंडच्या हेलसिंकीमध्ये जुलै २०२४ पासून पुढचं सबंध वर्ष रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही, आणि तिथे निम्म्याहून जास्त रस्त्यांवर वेगमर्यादा ३० आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही तिथे राहत नाही. बरोबर आहे, आणि सगळा रस्ता काही तुमच्या हातात नाही. पण एक गाडी आहे. तुम्ही रोज सकाळी मुलीला घेऊन त्याच वस्तीतून जाता जिथून बाबांसारखी कितीतरी माणसं सायकलवर किंवा पायी जातात. उलटतपासणी म्हणून नाही, पण एकदा स्वतःशीच विचारा: त्या रस्त्यांवर वेगाचा काटा कुठे असतो? शाळेची घंटा व्हायला दोन मिनिटं उरली असताना कुठे असतो? पुढे सायकल आली की हॉर्न वाजतो की पाय हलका होतो? झेब्रा पट्ट्यांवर कुणी उभं असेल तर तुम्ही थांबता का? वस्तीत एक किलोमीटर ५० ऐवजी ३० ने गेलात तर फार तर ४८ सेकंद जास्त लागतात, आणि सिग्नल-वळणं धरली तर प्रत्यक्षात त्याहून कमी. ज्या काळजीपोटी बाबांची सायकल बंद झाली, ती काळजी दुसऱ्यांच्या बाबांच्या वाट्यालाही येऊ द्या. या पत्रातल्या माझ्या सगळ्या सांगण्यात हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कुलूप लावल्याने बाबा सुरक्षित झाले का, हाही प्रश्न आहे. एका धोक्यापासून झाले. पण तुम्हीच लिहिता की त्यांनी बाहेर जाणं बंद केलंय. या वयात बसून राहिलं की पायांची ताकद आणि तोल झपाट्याने जातो. जगभरात अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यांच्या खालोखाल क्रमांक पडण्याचा लागतो आणि त्यात साठीच्या पुढची माणसं सर्वाधिक असतात. २०१० साली डच संशोधकांनी एक हिशोब मांडला होता. रोजच्या छोट्या अंतरांसाठी गाडी सोडून सायकल धरणाऱ्या माणसाचं आयुष्य व्यायामामुळे सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढतं, प्रदूषण जास्त ओढल्यामुळे फार तर ४० दिवसांनी घटतं आणि अपघातांच्या धोक्यामुळे ५ ते ९ दिवसांनी. हे आकडे तिथल्या रस्त्यांचे आहेत, जसेच्या तसे सगळीकडे लागू होणार नाहीत. तरी तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही वजन आहे हे त्यातून दिसतं. मित्रांच्या गप्पा आणि वाचनालय तर त्या हिशोबात धरलेलंच नाही.

‘चालत जा’ हा पर्यायही आपोआप सुरक्षित ठरत नाही. रस्त्यावरच्या मृत्यूंमध्ये जगभरात पाचातला एक पादचारी असतो. त्यातही वयस्कर माणसाला रस्ता ओलांडणं जास्त अवघड. सिग्नलची वेळ ठरवताना अनेक ठिकाणी चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. १२ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशोबाने १० सेकंद पुरतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना १५ लागतात, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा ते अजून रस्त्यावरच असतात. वय वाढलं की येणाऱ्या गाडीचं अंतर कळतं पण तिचा वेग नीट जोखता येत नाही. ‘लांब आहे, जाईन’ असं वाटतं आणि ती लांबची गाडीच वेगात असते. फसगत बहुतेक रस्त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात होते. म्हणून बाबा चालणार असतील, आणि सायकलवर गेले तरी ते कुठेतरी उतरून चालणारच आहेत, तर शक्यतो मध्ये थांबायला दुभाजक असेल तिथून ओलांडावं, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघावी लागतात. हिरवा दिवा आधीपासून लागलेला असेल तर पुढच्या हिरव्याची वाट पाहावी. आणि एका गाडीने थांबून हाताने ‘जा’ म्हटलं तरी तिच्या पुढच्या कोपऱ्याशी क्षणभर थांबून पलीकडच्या लेनमध्ये डोकवावं. भली गाडी थांबलेली असते, तिच्या आडून दुसरी येत असते. असे अपघात फार होतात. फुटपाथ नसेल तिथे समोरून वाहनं येतील त्या बाजूने चालावं, म्हणजे काय येतंय ते निदान दिसतं.

मग पर्याय काय उरतात? सायकल विकणं हा मी शेवटचा धरते. तो एका अटीवर योग्यही ठरेल. चक्कर येत असेल, झोप आणणारी औषधं चालू असतील, बाजूचं दिसणं कमी झालं असेल, किंवा मान वळवून मागे बघता येत नसेल, तर दुचाकी सायकल खरोखर थांबवायला हवी. तेव्हाही तीनचाकी सायकलचा विचार करता येतो. पण हे डॉक्टरांच्या तपासणीतून ठरू दे. नुसत्या वयावरून ठरवू नका. डोळे आणि कान तपासून घ्या, मोडलेल्या मनगटात ब्रेक दाबण्याइतकी पकड परत आली का ते पाहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवायचा, बरं वाटत असलं तरी, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे.

काहीच न बदलता चावी परत देणं, तुमच्या पत्नी सुचवतात तसं, हेही मला अपुरं वाटतं. त्यांची भावना बरोबर आहे. मोठ्या माणसाच्या हालचालीची चावी मुलाच्या खिशात असणं बाबांना किती लागलं असेल, ते त्यांच्या ‘बघू’मधून कळतं. पण अपघात झालाय आणि त्यातून काही बदलायला हवं.

बदल कुठे करायचे ते बाबांबरोबर फिरून ठरवा. एक सुट्टीची सकाळ काढा, तुम्हीही सायकल घ्या, आणि त्यांना त्यांच्या रोजच्या रस्त्याने पुढे जाऊ द्या. तुम्ही गाडीच्या काचेतून पाहिलेला रस्ता आणि सायकलवरचा रस्ता यांत फरक आहे, तो तुम्हाला पहिल्या चौकातच कळेल. कुठे जीव मुठीत धरावा लागतो, कुठे आतली गल्ली आहे, कुठल्या वेळी शाळा सुटते, हे त्यांना ठाऊक आहे. त्यावरून वाचनालयाचा आणि मित्रांचा असे दोन-तीन मार्ग नक्की करा. अवघड चौक असेल तिथे उतरून सायकल हाताने नेत पट्ट्यांवरून ओलांडायचं, त्यात कमीपणा नाही.

अवजड वाहनांबद्दल त्यांच्याशी नीट बोला, कारण तिथे चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. ट्रक किंवा बस वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. सिग्नलला उभ्या ट्रकच्या आणि फुटपाथच्या मध्ये जागा मोकळी दिसते, सायकलवाला त्यात शिरतो, आणि ट्रक वळला की ती जागा मिटत जाते. चालकाला तिथलं बहुतेक दिसतच नाही. म्हणून त्या फटीत कधीही शिरायचं नाही, मागे थांबायचं. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, एवढं धरून चालायचं.

हेल्मेट घ्या, घट्ट बसणारं, भुवयांच्या वर दोन बोटं येईल असं, पट्टा लावून. पण त्याच्याकडून अपेक्षा योग्य ठेवा. सायकलची हेल्मेट साधारण ताशी २० किलोमीटर वेगाने डोकं जमिनीवर आपटण्याच्या हिशोबाने तपासलेली असतात. बाबांसारख्या पडण्यात ते फार उपयोगी पडतं. ५० ने येणाऱ्या गाडीपुढे ते पुरत नाही. म्हणून हेल्मेट घातलं म्हणजे झालं, असं कुणी म्हणू नये, आणि ते नव्हतं म्हणून दार उघडणारा सुटला असंही नाही.

सायकल स्वतःच कशी आहे तेही बघा. उतारवयात सायकलवरून पडण्याचे कितीतरी प्रकार कुठल्याही गाडीशिवाय घडतात: दांड्यावरून पाय टाकताना, थांबताना, वळताना तोल जातो. आडवा दांडा नसलेली, पाय सहज आतून टाकता येणारी सायकल, आणि बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकतील इतपत खाली सीट, एवढ्याने खूप फरक पडतो. थोडे रुंद टायर खड्ड्यांत बरे. पिशवी हँडलला लटकवायची नाही, ती पुढच्या चाकात जाते. मागे कॅरियरवर बांधायची. एक आरसा लावा, पण वळण्याआधी मान वळवून बघण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

संध्याकाळनंतर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. कपड्यांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. चटक पिवळा-केशरी रंग दिवसा उठून दिसतो, रात्री त्याचा विशेष उपयोग नाही. रात्री हेडलाइटचा प्रकाश परत फेकणारी चमकपट्टी लागते, आणि ती छातीपेक्षा घोट्यांवर आणि गुडघ्यांवर जास्त कामाची. वरखाली हलणारे दोन ठिपके दिसले की चालकाला लांबूनच कळतं की हा माणूस आहे, खांब नव्हे. पायी चालणाऱ्यांनाही हे तितकंच लागू. अंधारात आपल्याला गाडीचे दिवे लखलखीत दिसतात म्हणून आपणही तिला दिसतोय असं वाटतं, प्रत्यक्षात गडद कपड्यातला माणूस चालकाला फार जवळ आल्यावर दिसतो.

मुलीचा हट्ट मला या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी वाटली. तरी तिला लगेच रहदारीत पाठवू नका. प्राथमिक शाळेच्या वयातली मुलं हुशार असली तरी ताशी ३० च्या पुढे वेगाने येणाऱ्या गाडीचा अंदाज त्यांना भरवशाने घेता येत नाही. ते बघण्याच्या क्षमतेच्या वाढीशी जोडलेलं आहे, ओरडून सुधारत नाही. आधी मोकळ्या मैदानात आजोबांकडून तीन गोष्टी पक्क्या होऊ द्या: हँडल न डगमगता मागे वळून बघणं, एका हाताने चालवत दुसऱ्याने वळण्याची खूण करणं, आणि अचानक पण सरळ रेषेत थांबणं. मग सुट्टीच्या दिवशी शाळेचा रस्ता. ती पुढे, मोठं माणूस तिच्या मागे आणि रस्त्याच्या मध्याकडे थोडं सरकून, म्हणजे ओलांडणाऱ्या गाड्या मोठ्या माणसाला वळसा घालून जातील. मोठे चौक उतरून, हात धरून. भर रहदारीतून जाण्याचं पुढच्या वर्षी-दोन वर्षांत बघा.

तिच्या वर्गातली आणखी मुलं आली तर फारच चांगलं. २००३ साली जेकबसन या संशोधकाने अनेक शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं की सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली की प्रत्येकाचा वैयक्तिक धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. चालकांना त्यांची सवय होते, नजर त्यांना शोधायला शिकते. उलट प्रत्येक काळजीवाहू घराने एकेक सायकल कुलूपबंद केली की उरलेल्यांचा धोका वाढतो.

शाळेच्या पालकांपैकी दोघे-चौघे तयार झाले तर स्थानिक प्रशासनाकडे अर्ज करा. ‘रस्ते सुरक्षित करा’ असा मोघम अर्ज नको. नेमकं मागा. शाळेच्या आसपास ३० ची मर्यादा आणि ती पाळली जावी म्हणून झेब्रा पट्ट्या उंचावून बांधणं. बाबा पडले त्या रस्त्यावर पार्किंग एकाच बाजूला करणं. चौकाच्या कोपऱ्यापासून काही मीटर गाडी उभी करायला बंदी, म्हणजे वळणाऱ्याला पट्ट्यांवरचा माणूस दिसेल. ही शेवटची मागणी फार स्वस्तात होते, खुंट्या किंवा कुंड्या ठेवल्या तरी भागतं. अमेरिकेतलं होबोकन हे दाट वस्तीचं छोटं शहर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं एकाही रस्ता-मृत्यूविना गेलं, आणि कोपरे असे मोकळे करणं हा तिथल्या कामाचा मोठा भाग होता. अर्जाबरोबर त्या जागेचे फोटो आणि अपघाताची तारीख जोडा. बाबांची सही घ्या.

चावी देताना अटींची यादी वाचून दाखवू नका. कडेने चालवायला सांगितलं ते चुकलं, हे त्यांना आधी सांगा. तुम्ही स्वतःला दोष देताय हे त्यांना माहीत नाही. ते गप्प आहेत ते कदाचित तुम्ही त्यांना दोष देताय असं समजून. त्यानंतर मनगट दाखवायला डॉक्टरांकडे कधी जायचं ते दोघांनी ठरवा, आणि डॉक्टर हो म्हणाले की त्याच आठवड्यात ती सुट्टीची सकाळ काढा.